आवाज असतानाच

मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये बोलणं एका दिवसात जात नाही. एएलएस या त्याच्या नेहमीच्या प्रकारात मेंदूतल्या वरच्या चेतापेशी बिघडून स्नायू ताठरतात, आवाज घुसमटल्यासारखा निघतो. त्याच वेळी खालच्या चेतापेशी मरत असल्यानं जीभ रोडावते, तिच्यावर सतत बारीक थरथर दिसते. मऊ टाळू उचलला जाईनासा झाला की हवा नाकावाटे सुटते आणि ‘बाबा’चं ‘मामा’ ऐकू येतं. ट, ड, ळ उच्चारायला जिभेचं टोक मागं वळावं लागतं, तेही जमेनासं होतं. काही रुग्णांच्या विचारशक्तीवर परिणाम होतो, पण बहुतेकांची भाषा शाबूत असते.

घरची माणसं आम्हा वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जिभेचे व्यायाम मागतात. पक्षाघातानंतर व्यायामानं वाचा सुधारलेली त्यांनी पाहिलेली असते, त्यामुळे ही अपेक्षा वावगी नाही. पण पक्षाघातात इजा होऊन थांबलेली असते. इथं पेशी मरतच राहतात. जोरकस व्यायामानं वाचा परत येते असा पुरावा नाही, थकवा मात्र येतो, आणि त्याच जिभेनं जेवायचंही असतं. म्हणून वाचा-उपचाराचं खरं काम, म्हणजे आवाज गेल्यावरच्या संवादाची तयारी, बोलणं नीट कळतंय तेव्हाच सुरू व्हावं, असं माझं ठाम मत आहे. शब्द अस्पष्ट होण्याआधी वेग मंदावतो. इंग्रजी वाचनात तो मिनिटाला १२५ शब्दांच्या आसपास उतरला की पुढची घसरण झपाट्यानं होते. मराठीला हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही, पण तोच उतारा दर भेटीत वाचून घेतला तर घसरण वेळेत पकडता येते.

इतक्या लवकर तयारी म्हणजे आशा मोडणं, असा आक्षेप येतो. त्यातली वेदना मला मान्य आहे. तरी नातवाला मारायची हाक ध्वनिमुद्रित करायची तर ती आज, आवाज आहे तोवरच. बोलून दाखवणाऱ्या यंत्राचा आवाज परका वाटतो म्हणावं, तर हाच आजार असलेल्या स्टीफन हॉकिंग यांची वाचा १९८५ मधल्या श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेत पूर्ण गेली आणि पुढं चांगले पर्याय मिळूनही त्यांनी आपला जुना यांत्रिक आवाज सोडला नाही. शिवाय सगळ्यांना यंत्र लागतंच असं नाही. क ते म ही पंचवीस व्यंजनं वर्णमालेत पाच ओळींत आधीच मांडलेली आहेत. सोबतच्यानं ओळ विचारायची, मग अक्षर, आणि रुग्णानं डोळे वर करून होकार द्यायचा. डोळ्यांचे स्नायू बहुधा अखेरपर्यंत साथ देतात. मात्र हा सराव तोंडानं बोलता येतंय तेव्हाच करावा, कारण तेव्हा रुग्ण सांगू शकतो: ‘ब नाही, भ म्हणतोय मी.’