डोळ्याखालचा गुलाब

वाईच्या घरी न्हाणीघराचं पाणी परसात जिथं जाई, तिथं एक गुलाब होता. त्याला नाव नव्हतं. परसात एकच गुलाब, तर नाव लागतं कशाला? "बादली गुलाबापाशी ठेव," आजी म्हणायची आणि सगळ्यांना कळायचं. 'गावठी' हा शब्द त्याला फार पुढं चिकटला, बाजारात लांब दांड्यांचे डच गुलाब आले तेव्हा.

आजीला तो देवापेक्षा बरणीसाठी हवा असायचा. फाल्गुन-चैत्रात बहर आला की ऊन चढायच्या आत फुलं खुडायची. दुपारपर्यंत ती मान टाकतात, वासही उडून जातो. पाकळ्या पंचावर पसरून ओल गेली की चिनी मातीच्या बरणीत एक थर पाकळ्यांचा, एक कुटलेल्या खडीसाखरेचा. तोंडाला फडकं बांधून बरणी महिनाभर उन्हात. आम्ही बोटं घालायचो. पातळी उतरलेली दिसली की आजी गंभीरपणे म्हणायची, "यंदा ऊन फार आहे हो, आटतोय गुलकंद."

लग्नानंतर पुण्यात आले. गॅलरीत चार कुंड्या मावत होत्या. एकीत रोपवाटिकेतून आणलेला लँडोरा लावला: पिवळाधमक, टोकदार कळीचा, डोळा भरलेला. "डोळ्याच्या खालून फुटवा आला तर लगेच काढा, तो एडवर्डचा असतो, खुंटाचा," तिथल्या माळीबुवांनी बजावलं. कोण एडवर्ड? "राजा होता ना विलायतेचा!" दोन वर्षं लँडोरा झकास फुलला. तिसऱ्या मे महिन्यात मी गावाला गेले, पाणी घालायचं काम कुणाला सांगायचं विसरले, आणि तो वाळला. मातीलगत एक कोंब तेवढा हिरवा होता. तो काढायचा असतो हे माहीत होतं, पण कुंडी रिकामी दिसेल म्हणून राहू दिला.

पुढच्या फाल्गुनात त्याला फुलं आली आणि गॅलरीचं दार उघडताच मी वाईला पोचले.

पण वासावर माझा विश्वास नाही. आठवण वासात भर घालते. म्हणून फूल हातात घेऊन नीट पाहिलं. कळी आखूड, गोलसर. गडद गुलाबी पाकळ्या दाटीवाटीनं भरलेल्या, देठाकडे फिकट. फूल उमललं की वाटीसारखं पसरतं, मधोमध चुरगळल्यासारखं दिसतं. एकेकटं नाही, तीन-चारांच्या घोसात. तरी एक शंका होती: हा अत्तराचा दमास्क तर नव्हे? उत्तर प्रदेशात हसायनच्या शेतांत होतो तो चैती गुलाब वर्षातून एकदाच, वसंतात फुलतो. माझा श्रावणात पुन्हा फुलला. शंका मिटली. एडवर्डच.

मग राजाचा शोध घेतला, तर तो राजा निघालाच नाही. मॉरिशसशेजारच्या रीयुनियन बेटाचं जुनं नाव बूर्बों. तिथले मळेवाले कुंपणाला दोन गुलाब लावत: एक दमास्क, दुसरा बारमाही फुलणारा चिनी. त्या दोघांचं कुणी न लावलेलं पोर कुंपणात उगवलं. एदुआर पेरिशाँ नावाच्या मळेवाल्याकडे ते सापडलं, म्हणून 'रोझ एदुआर', असं सांगतात. एकोणिसाव्या शतकात त्याचं बी पॅरिसला गेलं आणि बूर्बों गुलाबांचं अख्खं घराणं उभं राहिलं. आपल्याकडे एदुआरचा एडवर्ड झाला, मग कुणीतरी त्याला मुकुट घातला. चिनी बापाला तर फ्रेंच लोक 'बंगालचा गुलाब' म्हणत, कारण युरोपच्या वाटेवर कलकत्ता लागायचं. गावठी म्हणून ज्याला नाक मुरडलं गेलं, त्याच्याइतका फिरलेला आमच्या घराण्यात कुणी नाही. आजोबा एकदा काशीला गेले होते, तेवढंच.

तळेगावच्या हरितगृहांतल्या गुलाबांवर माझा राग नाही. फुलदाणीत आठवडाभर उभं राहायचं तर बहुधा वास सोडावा लागतो. फक्त त्यांचा गुलकंद होत नाही.

माझ्या कुंडीतून बहराच्या दिवसांत आठवड्याला दहा-बारा फुलं निघतात. बरणी भरत नाही, जॅमची बाटली जेमतेम भरते. रोपवाटिकेचं प्लॅस्टिकचं लेबल अजून त्या झाडाला लटकतंय. घरी आलेलं कुणी वाकून वाचतं, 'लँडोरा, पिवळा', मग फुलाकडे पाहतं, मग माझ्याकडे. लेबल मी काढलेलं नाही.