घाटापलीकडचा फुटबॉल

संगमेश्वर स्टँडवर सकाळच्या गाडीत बसलं की देवरुखपर्यंत शाळा-कॉलेजची पोरं, साखरप्यापर्यंत बाजाराला निघालेली माणसं आणि तिथून पुढे कोल्हापूरकर, असा गाडीचा नेम असतो. साखरप्याला माझ्या शेजारी एक कॉलेजातला मुलगा येऊन बसला. त्याच्या पिशवीच्या बंदाला बुटांची जोडी बांधलेली होती, तळव्याच्या खिळ्यांत वाळलेली तांबडी माती. "काका, मॅचला निघालात?" त्यानेच विचारलं. कोकणातला माणूस फुटबॉल बघायला घाट चढतो, याचं त्याला फार अप्रूप वाटलं. आमच्या तालुक्यात गावागावांत कबड्डीचे संघ आहेत, टेनिस बॉलचं क्रिकेट तर विचारूच नका. फुटबॉल मात्र घाटापलीकडे.

आंबा घाटाचं वळणावळणाचं चढण संपलं की हवा बदलते. मलकापूर, बांबवडे मागे टाकत गाडी उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडत चालते, पन्हाळ्याचा डोंगर दिसू लागतो. 1689 साली औरंगजेबाचा सरदार मुकर्रबखान कोल्हापूरकडून सह्याद्री उतरून संगमेश्वरावर चालून आला आणि संभाजीराजे कैद झाले. आमच्याकडच्या कुठल्याही माणसाला या डोंगरातून जाताना ते आठवतंच.

पंचगंगेचा पूल ओलांडून कोल्हापुरात शिरलो. मॅच दुपारी चारची होती, म्हणून आधी पेठांतून हिंडलो. तालीम म्हणजे काय, ते तिथे जाऊनच कळतं. मंगळवार पेठेतल्या एका तालमीत डोकावलो. आत शेंदूर लावलेला मारुती, बाजूला आखाड्याची लाल माती, भिंतीला टेकवलेली करेला-मुदगलं. आणि त्याच भिंतीवर काचेच्या कपाटात ओळीने लावलेले फुटबॉलचे चषक. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, 1912 साली खासबागेचं मैदान उभं राहिलं आणि पेठापेठांतल्या तालमींना बळ आलं. पुढे त्याच तालमींच्या पोरांनी चेंडू पायाशी घेतला. म्हणून इथल्या संघांची नावं अशी आहेत: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ. गणपती बसवणारं मंडळ तेच, पुराच्या वेळी माणसं बाहेर काढणारं तेच आणि लीग खेळणारंही तेच.

मैदानांचीही एक गंमत आहे. शिवाजी पेठेतलं गांधी मैदान म्हणजे पूर्वीचं वरुणतीर्थ तळं. तळं बुजवलं तरी पाण्याने जागा सोडलेली नाही. जोराचा पाऊस झाला की मैदानात पाणी साठतं. त्यामुळे इथला हंगाम हिवाळ्यात सुरू होतो आणि पावसाआधी आटपावा लागतो.

शाहू स्टेडियमवर पोचलो तेव्हा पायऱ्या भरत आल्या होत्या. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ समोरासमोर, त्यामुळे गॅलऱ्याही वाटून घेतलेल्या. मला जागा मिळाली ती एका म्हाताऱ्या गृहस्थांशेजारी. डोक्यावर पांढरी टोपी, हातात भडंगाचा पुडा. मैदानातल्या प्रत्येक पोराचं घर, वडील, आजा त्यांना ठाऊक. डाव्या बगलेवरून एक सडपातळ मुलगा चेंडू घेऊन निघाला, समोरच्या बॅकला त्याने आत येण्याची हूल दिली आणि रेषेच्या कडेने निसटला. आख्खी गॅलरी एकदम उभी राहिली. "मार की लेका!" त्याने मारला, गोलकीपरने बोटांच्या टोकांनी तो बारवरून काढला. म्हातारे गृहस्थ खाली बसत म्हणाले, "ह्याचा आजा पण असाच कडेनं जायचा. आणि असाच बारवरनं घालवायचा."

हा खेळ बघताना मला सारखी पुण्या-मुंबईच्या क्लबांची आठवण येत होती. मुंबईचा महिंद्रा युनायटेड राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ, 2010 मध्ये बंद झाला. पुणे एफसी 2007 मध्ये सुरू झाला, आय-लीगमध्ये उपविजेता ठरला आणि काही वर्षांत संपला. एफसी पुणे सिटी 2014 मध्ये आला, 2019 मध्ये गेला. त्याची जागा हैदराबादने घेतली. त्या क्लबांकडे पैसा होता, परदेशी प्रशिक्षक होते, चांगली मैदानं होती. मालकाने हात काढून घेतला की मात्र क्लब उरला नाही. पाटाकडील किंवा दिलबहारला मालकच नाही. वर्गणी, पेठेतले दुकानदार, एखादा पुढारी, जिंकलेल्या स्पर्धेचं बक्षीस, यांवर हंगाम निघतो. कधी संघ चढतो, कधी खालच्या गटात घसरतो, पण तालीम जागेवर असते आणि पुढच्या वर्षी पोरं पुन्हा उतरतात.

वर्ल्डकपच्या दिवसांत इथल्या गल्ल्या ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटल्या जातात, हे महाराष्ट्रभर ठाऊक आहे. मला त्यात नुसतं वेड दिसत नाही. ब्राझीलसारख्या अवाढव्य देशातही क्लब वाढले ते आपापल्या राज्याच्या स्पर्धांत, शेजारच्या क्लबाशी असलेल्या चुरशीवर. साओ पावलो राज्याची स्पर्धा 1902 पासून चालू आहे, देशव्यापी लीग कितीतरी नंतरची. कोल्हापूरचा फुटबॉलही तसाच, शेजाऱ्याला हरवण्याच्या ईर्ष्येवर पोसलेला.

पण हीच ईर्ष्या त्याला खातेही, आणि ते मला मनापासून खुपतं. पंचांवर धावून जाणं, गॅलरीतून दगड-बाटल्या, मॅच संपल्यावर रस्त्यात हाणामारी, असं इथे अनेकदा घडलं आहे. त्या पायी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनला संघांवर कारवाई करावी लागते, सामने थांबतात. भोगतात ती ज्यांनी वर्षभर घाम गाळला ती पोरं. बाहेरचे, अगदी नायजेरियाचेही खेळाडू पैसे देऊन आणायची चढाओढ लागली, तेव्हा खेळ वेगवान झाला हे खरं. पण पेठेतला एक पोरगा बाकावर बसला हेही खरं.

मॅच बरोबरीत सुटली. बाहेर पडताना मी त्या गृहस्थांना अनिकेत जाधवबद्दल विचारलं. रिक्षाचालकाचा हा मुलगा 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला.

"आमचाच की," ते म्हणाले. "पण लहानपणीच पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत गेला, म्हणून झालं. हितं पायात कला लई पोरांच्या आहे ओ. नववी-दहावीच्या पोराला रोज शिकवणारा कोच पाहिजे, खाणं पाहिजे. बाहेरच्या एका प्लेअरवर घालतो त्या पैशात चार पोरं सांभाळता येतील. मी मंडळात दर मीटिंगला सांगतो."

"मग काय म्हणतात?"

"म्हणतात, दादा, आधी यंदाची लीग जिंकू द्या."

साखरप्याचा तो मुलगा मला फाटकाशी पुन्हा भेटला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याचा सराव होता, म्हणून तो कोल्हापुरातच राहणार होता. मला स्टँडची वाट दाखवून तो पोरांच्या घोळक्यात शिरला, आणि तो शेवटचा कॉर्नर नेमका कुणाचा होता यावर तावातावाने भांडू लागला.