नॉक्स आणि मंगळाचं इंजिन
धाटाव एमआयडीसीत मी नायट्रेशनच्या प्लँटवर ऑपरेटर होतो. घर पेणला. गाडीने रोहा आणि पुढे रिक्षा, यात सगळी नोकरी गेली. या प्लँटवरचा माणूस सर्वांत जपून असतो तो नॉक्सला, म्हणजे नायट्रोजनच्या ऑक्साइडांच्या वायूला. तापमान हाताबाहेर जायला लागलं की व्हेंटच्या तोंडाशी तांबूस-तपकिरी वाफ दिसते. ती छातीत गेली तर आधी नुसता खोकला येतो. फुप्फुसात पाणी भरायला काही तास लागतात. त्यामुळे आधी विंडसॉक बघायचा आणि वाऱ्याला आडवं निघायचं, हे अंगात मुरलेलं.

यातला तांबूस वायू, नायट्रोजन डायऑक्साइड, थंड केला की त्याचे रेणू जोडीजोडीने एकत्र येतात आणि डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड बनतं. साधारण 21 अंशांखाली ते द्रव असतं. आपल्याच जिल्ह्यात, रसायनीला, हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्समध्ये ते इस्रोसाठी बनायचं. 2017 मध्ये केंद्राने तिथले तोट्यातले प्लँट बंद करायचं ठरवलं, तेव्हा हा एक मात्र इस्रोकडे सोपवायचा निर्णय झाला.

रॉकेटवाल्यांना ते हवं असतं एका गुणासाठी. हायड्राझिनच्या जातीच्या इंधनाला ते नुसतं लागलं तरी पेट घेतं. ठिणगी लागत नाही. व्हॉल्व्ह बंद केला की इंजिन विझतं, उघडला की परत पेटतं. मंगळयानाचं 440 न्यूटनचं इंजिन याच जातीचं. 1 डिसेंबर 2013 ला यान पृथ्वीपासून सुटलं, त्यानंतर हे इंजिन जवळजवळ दहा महिने बंद होतं. 22 सप्टेंबर 2014 ला चारेक सेकंद पेटवून पाहिलं. 24 तारखेला, घटस्थापनेच्या आदल्या सकाळी, रात्रपाळी संपवून आम्ही कँटीनमध्ये टीव्हीपुढे बसलो. इंजिन चोवीस मिनिटं जळायचं होतं, आणि मध्येच यान मंगळाआड गेलं. शटडाउननंतर व्हॉल्व्ह उघडताना आम्ही सीट, गास्केट आधी तपासतो. तिथे तपासायला कोण जाणार? आठच्या सुमारास बातमी आली आणि घरी जायच्या घाईतली माणसंसुद्धा टाळ्या वाजवत उभी राहिली.

हायब्रिड इंजिनात ही सोय आयती मिळत नाही. त्यात इंधन घन, मेणासारखं, आणि ऑक्सिडायझर द्रव. मंगळावरचे नमुने वर आणणाऱ्या रॉकेटसाठी नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेने ते आजमावलं. दोनदा पेटावं लागणार होतं: जमिनीवरून उठताना आणि कक्षेत स्थिरावताना. दारूचा इग्नायटर तर एकदाच जळतो. म्हणून टेट्रॉक्साइड लागताच मेणच पेटावं, यासाठी त्यात पदार्थ मिसळून पाहिले. शुद्ध टेट्रॉक्साइड उणे 11 अंशांच्या आसपास गोठतं, म्हणून मंगळावरच्या थंडीसाठी त्यात चतुर्थांश नायट्रिक ऑक्साइड घातलं. शेवटी नासाने घन इंधनाचंच रॉकेट निवडलं. तरी माझ्या मते ते काम वाया गेलेलं नाही; लांबच्या मोहिमांना परत पेटणारं, साधं इंजिन लागणारच आहे.

पेण-रोह्यातल्या विज्ञान शिक्षकांना एक विनंती. अकरावीला रासायनिक समतोल, म्हणजे याच वायूच्या जोड्या जुळण्या-तुटण्यासारखी गोष्ट, शिकवताना धाटावच्या एखाद्या जुन्या ऑपरेटरला वर्गात बोलवा. नॉक्स दिसला तर कुठे पळायचं, हेही मुलांना त्याच तासाला कळेल.