शर्त आणि शर्यत

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवताना एक सोय असते. पुष्कळ शब्द मुलांच्या घरात आधीच राहायला आलेले असतात, आपण फक्त ओळख करून द्यायची. ‘शर्यत’ त्यातलाच. अरबी ‘शर्त’च्या घरातला हा शब्द. उर्दूत शर्त म्हणजे अट, आणि शर्त म्हणजे पैजही. मराठीत येऊन तो धावणाऱ्यांच्या पायांत शिरला. जुन्या मराठीत मात्र शर्यत लावणं म्हणजे पैज लावणंच होतं. उलट ‘पैज’ हा शब्द निघाला संस्कृत ‘प्रतिज्ञा’तून. एखाद्यानं शब्द द्यावा, तो पाळावा, इतका सरळ त्याचा जन्म. आणि ‘जुगार’ आला ‘द्यूतकार’वरून. फळ्यावर हे तीन शब्द लिहिले की नववीची मुलं खूश होतात, कारण त्या दिवशी व्याकरण होत नाही.

गेल्या जुलैपासून हे तीन शब्द मला फळ्याबाहेरही पुरून उरलेत.

आधी सायकलीचं सांगते. अब्बांचं सायकलचं दुकान होतं. भाड्याच्या सायकली, पंक्चर, छर्रे बदलणं, रिमचा आऊट काढणं. आजकाल ‘पंक्चरवाले’ ही आपल्या लोकांसाठी शिवी झाली आहे. ती ऐकली की मला राग येण्याआधी रबर सोल्यूशनचा वास आठवतो. ज्यांना ती शिवी वाटते त्यांनी कधी पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधला नसेल. असो. सायकलचं वेड तिथलं. कॉलेजात असताना कुठल्याशा रद्दीच्या अंकात फ्रान्समधल्या टूरची छायाचित्रं पाहिली आणि माणसं सायकलवरून डोंगर चढतात, तेही तीन आठवडे, हे कळलं. मोबाइलवर थेट बघण्याची सोय झाल्यापासून जुलै महिना माझ्यासाठी ठरलेला असतो. आपल्याकडे मगरिबची नमाज होते आणि तिकडे शेवटचा घाट सुरू होतो. साडेआठच्या सुमाराला निकाल.

माझ्या बहिणीचा मुलगा डिप्लोमाला आहे. त्यालाही मीच लावलं. आम्ही दोघं रोज सकाळी एका वहीत अंदाज लिहायचो, आज कोण जिंकणार. बरोबर आला तर भजी त्याच्याकडून, चुकला तर माझ्याकडून. का उलटं? तो नेहमी उलटं सांगायचा आणि भजी मीच तळायची.

डोंगराच्या टप्प्याचा अंदाज बांधणं हा फार गोड खेळ आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं, सगळ्यांत ताकदीचा गडी जिंकणार, त्यात काय. सपाटीवर दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवलं तर पुष्कळ दम वाचतो, म्हणून तिथे संघ मोठा. आठ टक्क्यांच्या चढावर वेगच इतका उतरतो की आडोशाचा फायदा थोडाच उरतो आणि ज्याचे फेफडे त्याचा घाट. इथपर्यंत ठीक. पण टूरमध्ये एकाच रस्त्यावर दोन शर्यती चालू असतात. एक त्या दिवसाची, दुसरी तीन आठवड्यांची, पिवळ्या जर्सीची. सकाळी दहा-पंधरा जण पुढे निसटतात. एकूण वेळेत ते अर्धा-पाऊण तास मागे असतील तर पिवळी जर्सीवाल्याला त्यांची भीती नसते, तो त्यांना जाऊ देतो. त्यांना पकडायचं तर त्याच्या संघातल्या माणसांनी दिवसभर पुढे राहून वारा खायचा. जिंकणाऱ्याला दहा सेकंदांची सूट मिळते, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला चार. चार मिनिटांनी पुढे असलेल्या माणसाला त्या दहा सेकंदांचं काय मोल? म्हणून पहिला प्रश्न ‘सगळ्यांत जोरात कोण’ हा नसतोच. आज घाई कोणाला आहे, हा असतो. कोणाचा संघ दमलाय, उद्या काय आहे, काल आराम होता का, वारा कुठून आहे.

आपल्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. टूरमध्येही घाटांचा राजा असतो, सगळ्या घाटांचे गुण जमवून लाल ठिपक्यांची जर्सी मिळवणारा. भाच्याला हे नाव फार आवडायचं.

आता २२ जुलै २०२५. टप्पा माँपेलिए ते माँ वाँतू. वाँतू हा प्रोव्हान्समधला एकटा उभा डोंगर, माथ्यावर झाड नाही, नुसता पांढरा दगड. चढ जवळजवळ सोळा किलोमीटर. २०१६ मध्ये इथे वारा इतका होता की शेवट माथ्यावरून खाली आणावा लागला आणि पिवळ्या जर्सीतला क्रिस फ्रूम सायकल मोडल्यावर गर्दीतून पायी धावत सुटला. २०२१ मध्ये याच डोंगरावर योनास विंगेगार्डनं तादेय पोगाचारला काही वेळ मागे टाकलं होतं. म्हणून गेल्या वर्षी सगळे म्हणत होते की पोगाचार इथे हिशोब चुकता करणार. पाच दिवसांपूर्वी ओताकामला त्यानं विंगेगार्डला दोन मिनिटांहून जास्त मागे टाकलं होतं, दुसऱ्या दिवशी घड्याळाविरुद्धचा चढही जिंकला होता. भाच्यानं वहीत लिहिलं, पोगाचार. मी लिहिलं, पुढे निसटलेल्यांपैकी कोणीतरी. त्याची पुढेमागे चार मिनिटांची आघाडी, त्याला काय पडलंय.

व्हालाँताँ पारे-पाँत्र नावाचा फ्रेंच पोरगा जिंकला. आयरिश बेन हीलीला त्यानं अगदी शेवटच्या वळणावर गाठलं. त्या टूरमधला फ्रान्सचा तो पहिला विजय. मागे विंगेगार्ड पुन्हापुन्हा हल्ला करत होता आणि पोगाचार पुन्हापुन्हा त्याच्या चाकाला चिकटत होता. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. भाचा गप्प बसला. मला वाटलं, भज्यांचं दुःख.

त्याचे दोन हजार गेले होते. हे मला चार दिवसांनी कळलं, तेही बाजीकडून, कारण भिशीचा डबा हलका लागला.

दोन हजारांवर थांबला असता तर हा लेख झाला नसता. २४ तारखेला कोल द ला लोझ. पोगाचारची तिथे जुनी जखम आहे, २०२३ मध्ये याच घाटावर तो कोलमडला आणि सहा मिनिटांच्या आसपास गमावले. भाच्याचा हिशोब असा, की वाँतूला नाही तर इथे नक्की. पाच हजार. जिंकला ऑस्ट्रेलियाचा बेन ओकॉनर, पोगाचार दुसरा. २५ तारखेला ला प्लान्य. दहा हजार. ‘खाला, दोन बार गया, अब तो देगा ही,’ असं त्याच्या डोक्यात होतं, हे त्यानं नंतर स्वतः सांगितलं. जणू पोगाचार त्याचं देणं लागत होता.

त्या दिवशीची गंमत ऐका. आदल्या संध्याकाळीच टप्पा कापला गेला. कोल दे सेझी या घाटावर गुरांच्या एका कळपात लम्पी निघाला होता. हो, आपलाच तो लम्पी, २०२२ मध्ये आपल्याकडे गावोगावचे गुरांचे बाजार बंद पाडणारा, गाठी उठवणारा. शेतकऱ्यांची जनावरं मारावी लागणार म्हणून संयोजकांनी तो घाटच गाळला आणि एकशे तीस किलोमीटरचा रस्ता त्र्याण्णवावर आला. जगातली कोणती बुद्धी, कोणता आकडेबाज हे आधी सांगू शकला असता? थिमेन आरेन्समन नावाचा डच खेळाडू शेवटच्या घाटावर निसटला. पोगाचार आणि विंगेगार्ड एकमेकांकडे बघत बसले. दोन सेकंदांनी आरेन्समन जिंकला. दोन सेकंद. ‘बिस्मिल्ला’ म्हणायला लागतात तेवढे.

दोन दिवसांनी पॅरिसमध्ये पोगाचारनं टूर जिंकली, चार मिनिटं चोवीस सेकंदांनी. म्हणजे माझ्या भाच्यानं माणूस अचूक ओळखला होता. सबंध फ्रान्समध्ये सगळ्यांत ताकदीचा कोण, याचं त्याचं उत्तर पूर्ण बरोबर होतं. आणि सतरा हजार गेले, त्यातले बारा भिशीचे.

तो मला म्हणाला, ‘खाला, नसीब खराब था.’ मी शिक्षिका, मला नशीब हा शब्द गणिताआधी चालत नाही. त्याला वही घेऊन बसवलं. समजा, भाव असे आहेत. पोगाचारवर १.६०, विंगेगार्डवर ५, बाकी कोणीही जिंकला तर ३.२०. आता एकाला त्या भावानं भाग. पहिल्याचे साडेबासष्ट टक्के, दुसऱ्याचे वीस, तिसऱ्याचे सव्वाएकतीस. बेरीज कर. त्यानं केली, दोनदा केली. एकशे तेरा पूर्णांक पाऊण. ‘शंभर का नाही आले?’ असं त्यानंच विचारलं. तेच तर विचारायचं होतं. वरचे पावणेचौदा दुकानदाराचे. तिन्ही बाजूंनी त्या प्रमाणात पैसे आले तर कोणीही जिंको, एकशे पावणेचौदा रुपये घेऊन तो शंभर परत देतो. त्याला शर्यत बघायचीही गरज नाही. घाटावर कोणी रक्त ओको, त्याचा चढ कधीच नसतो.

अब्बांच्या दुकानात भाड्याची सायकल तासावर जायची. पोरगं दहा मिनिटं उशिरा आलं तरी अब्बा पूर्ण तासाचे घेत नसत. धंदा करायची ती एक रीत झाली.

घरात अर्थातच ‘हराम’ हा शब्द बाहेर आला. बाजीचे मियाँ रागात होते, तिनं रडून घेतलं. मला वाटतं, हा शब्द मुलांच्या अंगावर फेकायचा दगड नाही, समजावून सांगायचा शब्द आहे. कुराणात जुगारासाठी ‘मैसिर’ आहे, आणि ‘युस्र’ म्हणजे सोपेपणा हे त्याच मुळातलं. सहज हाती आलेलं. इस्लामपूर्व अरबांत बाण उचलून उंटाच्या मांसाचे वाटे ठरवायचा खेळ होता आणि जिंकणारे पुष्कळदा ते मांस गरिबांना वाटून टाकायचे. म्हणूनच सूरह बकरामध्ये त्यात काही फायदेही आहेत हे मान्य केलंय, आणि तरी तोटा मोठा ठरवलाय. हे मला फार प्रामाणिक वाटतं. मुलाला ‘यात काहीच मजा नाही’ असं खोटं सांगायला नको. मजा आहे, म्हणूनच तर दहा हजार लावले.

आणि शर्यत? तिला कुठे बंदी आहे? मदिनेत पैगंबरांनी घोड्यांच्या शर्यती लावल्या, तयार केलेल्या घोड्यांना लांबचं अंतर, बाकीच्यांना बनू जुरैकच्या मशिदीपर्यंतचं जवळचं. अब्दुल्ला इब्ने उमर त्यात स्वतः धावले होते. हजरत आयेशांबरोबर पैगंबर धावले, ही हदीसही घरोघरी सांगितली जाते. फिकहवाल्यांनी पुढे बारीक कीस पाडला. बाहेरच्या तिसऱ्यानं बक्षीस दिलं तर ते बक्षीस, दोघांनी आपापले पैसे लावून एकानं दोघांचे न्यायचे तर तो जुगार. भाचा लगेच म्हणाला, ‘और भजी?’ पोरगं हुशार आहे. भजी दोघांनीच खाल्ली, कोणाचं काय गेलं, असं म्हणून मी विषय टाळला. मौलवीसाहेबांना विचारायची हिंमत अजून केलेली नाही.

टूर संपून महिनाही झाला नव्हता, तेव्हा ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले. क्रिकेट संघाच्या छातीवरचं नावही उतरलं. बरं झालं, हे म्हणतेच मी. पण भाच्याचं ॲप परदेशातलं होतं, दुवा मित्रानं पाठवलेला, पैसे कुण्या तिसऱ्याच्याच खात्यावर गेलेले. त्या वर्गातल्या निम्म्या मुलांकडे ते आहे, असं तो सांगतो. माझ्या शाळेतही नववी-दहावीच्या पोरांच्या तोंडी ‘भाव’ हा शब्द भाजीपेक्षा जास्त वेळा येतो. पालकसभेत मी हा विषय काढला तेव्हा एक वडील म्हणाले, आमचा फक्त क्रिकेटवर लावतो. फक्त!

सतरातले बारा हजार बाजीला परत करायचे ठरले. भाचा रविवारी एका सायकलच्या शोरूममध्ये जोडणीचं काम करतो, गिअर बसवणं, ब्रेक लावणं. दर महिना हजार. आठ झाले, चार बाकी आहेत. परवा म्हणाला, कार्बनच्या रिमचा आऊट काढायला नानांचा हात हवा होता. मी म्हटलं, नानांनी कार्बन बघितलाही नव्हता. तो म्हणाला, तार तर तीच ना.

यंदाची टूर बार्सिलोनातून निघते आहे, आणि आल्प द्युएजला लागोपाठ दोन दिवस शेवट आहे. एकदा त्या प्रसिद्ध एकवीस वळणांनी, दुसऱ्या दिवशी गालिबिए चढून सारेनच्या मागच्या अरुंद रस्त्यानं. इतकी वर्षं बघतेय, असं वाढलेलं ताट कधी पाहिलं नाही. वही मी नवी आणली आहे. भाच्यानं पहिल्या पानावर दोन रकाने पाडले आणि विचारलं, पहिल्या दिवशी पिवळीवाला दम राखून ठेवेल की नाही? मी म्हटलं, ते त्याच्या आघाडीवर आहे, आणि आघाडी किती ते पिरनीज झाल्यावर कळेल, आत्ताच कशाला लिहायचं. त्यानं तरी लिहिलं. पेन्सिलनं.