वस्तीवरच्या पिल्लाचं बारसं

उसाला पाणी चालू आहे, लाईट रात्रीची. आज पिकाचं नाही, वस्तीवर आणलेल्या पिल्लाचं लिहितो. दीड महिन्याचं, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. चार दिवस घरात एकच विषय, नाव काय ठेवायचं?

आई म्हणाली मोती. पोरगी म्हणाली ब्रूनो. भावाला वाघ्या हवं होतं. खंडोबाच्या तसबिरीत घोड्याजवळ कुत्रं असतंच, त्यामुळं वाघ्या नावाला आपल्याकडं मान आहे. पण आसपासच्या तीन वस्त्यांवर आधीच वाघ्या आहेत. एक हाक मारली की तिघं उठायची! राजा म्हणावं तर राजा आमचा बैल. चुलत्यांनी बांधावरून भांडणाऱ्याचं नाव सुचवलं. आई म्हणाली, "बांध आज ना उद्या मिटंल. कुत्र्याला रोज धा येळा हाक मारायचीय."

आपल्याकडं नाव नुसतं हौसेचं नसतं. चारी बाजूंनी ऊस, आणि उसात बिबट्या. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता, त्यात सगळ्यात जास्त भक्ष्य निघालं ते पाळीव कुत्रं. म्हणजे दिवस मावळताना एका हाकेत पिल्लू घरी आलं पाहिजे. त्यासाठी नाव दोन अक्षरी, सुरुवातीला ठसका आणि शेवट लांब ओढता येणारा असावा. घरातल्या माणसाच्या किंवा जनावराच्या नावाशी मिळतंजुळतं नसावं.

शेवटी कपाळावरच्या टिक्यावरून नाव ठरलं, टिक्या. "टिक्याऽऽ" म्हटलं की मोटारीपासून घरापर्यंत ऐकू जातं.

आता घरात नियम केलाय. सगळ्यांनी हेच नाव घ्यायचं, लाडाची दुसरी नावं नकोत. नाव घेऊन बोलावलं आणि आला, की भाकरीचा तुकडा द्यायचा. नाव घेऊन बोलवायचं आणि मारायचं, हे कधीच नाही. हाकेमागं मार असतो हे एकदा कळलं, की कुत्रं हाकेला उलटं पळतं.

दुसरं कारण त्याहून मोठं. वस्त्यांवर बिननावाची कुत्री पुष्कळ असतात. भाकरी सगळे टाकतात, लसीला कुणीच नेत नाही. मागं एका पोराला कुत्रं चावलं. कुणाचं, लस टोचलेलं का, कुणालाच सांगता येईना. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली आणि लगेच दवाखान्यात नेलं, इंजेक्शनं सुरू झाली. पोरगं बरं आहे. पण रेबीजची लक्षणं एकदा दिसली, की माणूस हाती लागत नाही म्हणा. म्हणून चावल्यावर 'बघू उद्या' चालत नाही.

टिक्याचं नाव आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडच्या कार्डावर लिहून घेतलं. जंताचं औषध झालं. तीन महिन्यांचा झाला की रेबीजची लस, मग दर वर्षी. कार्ड सातबाऱ्याच्या फाईलीतच ठेवलंय, म्हणजे हरवणार नाही.

नाव ठेवलं म्हणजे ते कुत्रं आपलं झालं. ते चावलं तर जाब आपल्यालाच, लसीची तारीखही आपणच ध्यानात ठेवायची. तुमच्या वस्तीवर बिननावाचं कुणी असेल तर आजच बारसं उरका. काय नाव ठेवलं ते खाली कळवा.