आमचा मोत्या आणि आमची ममता

गेल्या पावसाळ्यांत शाळेच्या फाटकापाशीं एक तांबूस कुत्रा येऊन बसूं लागला. इतका कृश कीं, दुरूनच बरगड्या मोजाव्या. मुलांनीं त्याचें नांव मोत्या ठेविलें. पांचवींतील एक चिमुकला विद्यार्थी आपल्या डब्यांतील अर्धी पोळी त्यास रोज घालीत असे. महिना लोटला, तरी मोत्याच्या अंगीं मांस चढेना.

आमच्या मनांत आलें, नुसत्या पोळीनें काय होणार! एके दिवशीं शेजाऱ्यांकडून नान-खलिया आला. (महंमद तुघलकानें १३२७ सालीं राजधानी दौलताबादेस आणिली, तेव्हां लष्करासाठीं हें पक्वान्न निघालें, अशी कथा आपल्या छत्रपती संभाजीनगरांत सांगतात, खरेंखोटें इतिहासकार जाणोत.) उरलेला रस्सा व हाडें आम्हीं मोठ्या ममतेनें मोत्यापुढें ठेविलीं. त्यानें थाळी चाटून लख्ख केली. आणि रात्रभर बिचारा ओकत राहिला. सकाळीं तो लहानगा रडत आमच्याकडे आला. "सर, माझ्या पोळीनें मोत्या मरेल का?" त्या क्षणीं आम्हांस त्याच्याकडे पाहवेना, आणि खरें बोलण्याचें धैर्यहि झालें नाहीं.

गुरांच्या दवाखान्यांत डॉक्टरांनीं सर्व हकीकत ऐकून घेतली. कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फोडतात; शिजलेल्या हाडाची ढलपी निघून आंतड्यांत रुतते; द्राक्षें व मनुका मूत्रपिंडास घातक; चॉकलेट तर विषच. साध्या पोळीचा मात्र कांहीं दोष नव्हता. माणसाच्या दारीं राहून कुत्रा पिष्टान्न पचविण्यास लांडग्याहून अधिक समर्थ झाला आहे, असें २०१३ सालीं शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें आहे. मग हा रोडका कां? "पोटांत जंत आहेत," डॉक्टर म्हणाले. "ताट एकाचें, जेवणारे शंभर!"

त्यांनीं जंतांचें औषध दिलें, पिसाळण्यावरील लस टोचली, व आहार ठरवून दिला: मऊ भात, उकडलेलें अंडें किंवा बिनहाडाची कोंबडी, मीठमसाला वर्ज्य, आणि तेंहि थोडें थोडें, दिवसांतून चार वेळां. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव पालकांस ठाऊकच आहेत. म्हणून आम्हीं भीत भीत तुपाविषयीं विचारलें. थेंबभर चालेल, असें उत्तर मिळालें. एकाएकीं फार स्निग्ध घातल्यास स्वादुपिंड सुजतें, व तें दुखणें जिवावर बेततें.

दर शनिवारीं एक थोराड विद्यार्थी मोत्यास कवेंत घेऊन वजनकांट्यावर उभा राही, मग एकटा. वजाबाकी पांचवीच्या फळ्यावर होई. प्रथम अकरा किलो भरले, दोन महिन्यांनीं चौदा. ज्या दिवशीं चौदाचा आंकडा लिहिला गेला, त्याच दिवशीं आम्हीं वर्गास सांगून टाकिलें कीं, त्या रात्रीं मोत्यास आजारी पाडणारा हात आमचाच होता. वर्ग क्षणभर स्तब्ध. पोळी देणाऱ्या त्या लहानग्यानें आमच्याकडे टक लावून पाहिलें, आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग सर, तुम्हांला शिक्षा कोणती?"

ती वर्गानेंच एकमतानें ठरविली: मोत्याचें रोजचें अंडें सरांनीं घरून आणावें. अद्याप आम्ही ती भोगीत आहों.