देवभात

ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी आजी माळ्यावरचे एक लहानसे गाडगे खाली उतरवी आणि त्यातले लांब कुसळांचे, तांबूस दाण्यांचे भात उखळात सडता सडता, ज्या अन्नामागे बैलाचे श्रम नाहीत तेच या दिवशी मुखी घालावे, हा घराण्याचा शिरस्ता दरसाल त्याच शब्दांत आम्हां नातवंडांना समजावून देई. त्याला आम्ही देवभात म्हणत असू. ते कोणी पेरीत नसे; गावाबाहेरच्या तळ्याच्या कडेने ते आपोआप उगवे, आणि दिवाळीच्या सुमारास, पहाटेचे दव असेतोवर, आजी गुडघाभर पाण्यात शिरून एकेक लोंबी सुपावर वाकवी व हलकेच झटकी. "ऊन चढलं की ते तळ्याचं, आपलं नव्हे," असे ती म्हणे.

पुढे वनस्पतिशास्त्र शिकून बीजसंकलनाच्या नोकरीत रुजू झालो, तेव्हा आजीच्या त्या बोलण्यातले शास्त्र उमगले. लागवडीच्या भाताचा दाणा मळणीपर्यंत लोंबीला धरून राहतो, कारण हजारो वर्षे माणसाने न झडणारेच दाणे घरी नेले आणि तेच पुन्हा पेरले. वन्य भाताचा दाणा मात्र पिकला की देठापासून सुटतो, चिखलात रुततो आणि आपला काळ येईतो तेथे निजून राहतो. संस्कृतात यालाच नीवार म्हणतात. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंताला आश्रम जवळ आल्याची खूण पटते ती, पोपटांच्या ढोलीतून झाडाखाली सांडलेल्या नीवाराच्या दाण्यांवरून; आणि १९६५ साली शर्मा व शास्त्री या शास्त्रज्ञांनी या जातीचे नामकरण केले, तेव्हा तोच शब्द उचलून 'ओरायझा निवारा' असे नाव दिले.

या झडणाऱ्या, कुसळांनी भरलेल्या, शेतात शिरला तर तण म्हणून उपटल्या जाणाऱ्या भाताने आशियाच्या ताटावर केवढे उपकार केले आहेत, याची कल्पना फार थोड्यांना आहे. १९७०च्या दशकात, तपकिरी तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या एका विषाणूने आग्नेय आशियात आणि भारतात भाताची शेतेच्या शेते खुजी, गवतासारखी करून टाकली, तेव्हा फिलिपीन्समधील लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आपल्या संग्रहातील सहा हजारांहून अधिक वाण तपासले. त्या साऱ्यांत रोगाला दाद न देणारा गुण आढळला तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या नीवाराच्या एका नमुन्यातील मोजक्या झाडांत. गुरदेव सिंग खुश यांनी तो गुण संकराने लागवडीच्या भातात उतरवला, आणि १९७६ साली प्रसृत झालेला आयआर-३६ हा वाण पुढे कोट्यवधी एकरांवर पिकला. तो नमुना ज्याने पिशवीत भरला, त्याला त्या दिवशी आपल्या हाती काय आहे हे ठाऊक असणे शक्यच नव्हते.

आमचे कामही तसेच, पुढचे न जाणता चालणारे. लोंबीवर पातळ मलमलीची पिशवी चढवून खाली सैल गाठ मारायची, म्हणजे शेंड्याचे दाणे आधी पिकून झडले तरी पिशवीतच राहतात. एका झाडाला ओरबाडण्याऐवजी दूरदूरच्या पन्नासेक झाडांचे थोडे थोडे बी घ्यायचे, जेणेकरून तळ्यातले सारे वैविध्य मुठीत यावे आणि तळेही ओस पडू नये. आणि मौजे, तालुका, पाण्याची खोली, मातीचा पोत, शेजारच्या खाचरात कोणता वाण उभा आहे, हा सारा तपशील तिथल्या तिथे नोंदवहीत उतरवायचा. शेजारच्या वाणाची नोंद तर अत्यावश्यक, कारण त्याचे पराग वाऱ्याने येऊन वन्य भातात मिसळतात. पहिल्या वर्षी, परतीची गाडी गाठण्याच्या घाईत, मी सबंध तळ्याचे बी ओलसरच प्लॅस्टिकमध्ये बांधले. आठवड्याने उघडले तेव्हा प्रत्येक दाण्यावर करडी बुरशी होती. तो वास अजून नाकात आहे.

गोळा केलेले बी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या बीजपेढीत जाते. तेथे ते पाच-सात टक्के ओलाव्यापर्यंत सुकवून, मोहोरबंद पाकिटांत, उणे १८ अंशांना ठेवतात. बी तेथे दशकानुदशके जगते. परंतु ते तेथे थांबलेले असते. नवी कीड, नवा दुष्काळ, खाऱ्या पाण्याची नवी चढाई यांच्याशी झुंजत दरवर्षी बदलत राहण्याचे सामर्थ्य पाकिटात नाही, ते तळ्यात आहे, आणि म्हणून पेढी हे तळ्याचे जामीनपत्र आहे, तळ्याची जागा घेणारी वस्तू नव्हे, असे माझे ठाम मत झाले आहे.

आमच्या गावचे तळे आता बुजले. तेथे क्रीडांगण आहे. त्या तळ्याचे बी मी वेळेवर घेतले नाही, कारण ते नेहमीच असणार असे मी धरून चाललो होतो. तुमच्या गावचे तळे अजून असेल, तर उन्हाळ्यात गाळ काढताना त्याचा एक काठ तसाच राहू द्या, आणि कार्तिकात एकदा पहाटे जाऊन पाहा. दवाने ओल्या झालेल्या तांबूस कुसळांची लोंबी दिसली, तर जवळच्या कृषिविद्यापीठास तेवढे एक पत्र लिहा.